घरातल्या ज्येष्ठांसाठी गाणं: काय लावावं, कधी लावावं, कधी बंद करावं

“गाणी लावा, बरं वाटेल त्यांना.” डिमेन्शिया झालेल्या आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घरी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुणीतरी दिलेला असतो. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. कोणती गाणी लावायची? किती वेळ? लावल्यावर बाबा रडू लागले तर चालू ठेवायचं की बंद करायचं? गाणं सुरू होताच आजी कान झाकून घेतात, म्हणजे त्यांना संगीत आवडत नाही असं समजायचं का? पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नांची उत्तरं एकत्र मिळावीत म्हणून हा लेख.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. यातल्या बहुतेकांना त्यांच्या घरचेच सांभाळतात. तेव्हा हे काम तुम्हीच करणार आहात असं धरून लिहितो आहे. माझा आग्रह एकच आहे: गाणं दिवसभर लावून ठेवू नका. त्या व्यक्तीचं स्वतःचं गाणं, योग्य वेळी, थोडाच वेळ, शेजारी बसून ऐकवा किंवा म्हणा, आणि मग बंद करा.

काय अपेक्षा ठेवावी

संगीतानं डिमेन्शिया बरा होत नाही, त्याची वाटचाल थांबत नाही, गेलेली स्मृती परत येत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१८ साली या विषयावरचा आढावा प्रसिद्ध केला. संगीतावर आधारलेल्या उपचारांनी उदासी बहुधा कमी होते आणि वागण्यातल्या एकंदर तक्रारींनाही थोडा उतार पडतो, पण स्मरणशक्तीवर, चिडचिडीवर किंवा आक्रमकपणावर फारसा परिणाम दिसत नाही, असं त्यात म्हटलं आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत गाणं ऐकताच वृद्ध माणूस खडबडून जागा होऊन बोलू लागतो. तसं कधी कधी खरंच घडतं, पण ते रोज घडेल अशी आशा धरलीत तर चौथ्या दिवशी निराश होऊन तुम्ही सगळंच सोडून द्याल. आंघोळ आज भांडणाशिवाय झाली, संध्याकाळची येरझार दहा मिनिटांनी कमी झाली, आजींनी तुमचा हात धरून ताल दिला, एवढं मिळालं तरी ते पुष्कळ आहे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. नावं, तारखा, सकाळचं जेवण हे सगळं विसरलेल्या माणसालाही लहानपणापासून म्हटलेलं गाणं बरेचदा आठवतं. बोलताना शब्द सापडत नाहीत, पण चालीत ते येतात. त्याचाच आपल्याला उपयोग करून घ्यायचा आहे.

आधी कान तपासा

यादी करण्याआधी कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी बघा. उतारवयात बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि मोठा आवाज सहनही होत नाही. त्यामुळे छोट्या मोबाइलवर लावलेलं, वाद्यांचा गजर असलेलं गाणं त्यांना नुसता कर्कश गोंगाट वाटू शकतं. कान झाकणाऱ्या आजींचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. एकच आवाज आणि मोजकी साथ असलेली जुनी मुद्रणं लावून पाहा. आवाज किती ठेवायचा याची खूण सोपी आहे: गाणं चालू असताना खोलीतल्या दोघांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे.

यादी कशी करायची

‘जुनी गाणी’ नावाची तयार यादी लावणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. जुनी म्हणजे कुणाची जुनी? माणसाला साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतची गाणी सर्वांत घट्ट आठवतात. १९४५ साली जन्मलेल्या व्यक्तीचा हा काळ १९५५ ते १९७५ असा येतो. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, १९५७ साली सुरू झालेली विविध भारती, भावगीतांचे कार्यक्रम, लग्नातला बँड हे सगळं त्याच काळातलं. बालगंधर्वांची नाट्यपदं या पिढीची नव्हेत, तिच्या आई-वडिलांची. पण घरात ग्रामोफोन असेल तर तीही कानावर पडलेली असणार. म्हणून आधी जन्मसाल लिहा आणि तिथून पुढे मोजा.

मग घर, गाव आणि काम यांचा विचार करा. मराठी घर म्हटलं की भावगीत आणि अभंग असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच चुकतो. गिरणगावात वाढलेल्या आजोबांना भजनी मंडळाचा पखवाज किंवा शाहीर अमर शेख, शाहीर साबळे यांचे पोवाडे जवळचे असतील. कुणाच्या घरात वामनदादा कर्डकांची भीमगीतं हीच लहानपणाची गाणी असतील. कोकणातल्या माणसाला जाखडीचा ठेका किंवा दशावतारातली पदं ओळखीची, गोव्यातल्या घरात घुमटावरची आरती, वसईच्या ख्रिस्ती कुटुंबात चर्चमधली गीतं, आणखी कुठे कव्वाली. उसाच्या फडात किंवा शेतात आयुष्य गेलेल्या बाईनं रेडिओ क्वचितच ऐकला असेल, पण जात्यावरच्या ओव्या तिच्या ओठांवर असतात. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेक ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आवाजासह मोफत ऐकता येतात. ज्या आजींना कशानंच काही होत नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी एकदा तिथे शोधा.

“बाबांना गाण्याची आवडच नव्हती,” असंही सांगतात. असू शकतं. मग गाणं बाजूला ठेवा आणि पाठांतराकडे वळा. परवचा, पाढे, रामरक्षा, मनाचे श्लोक, हरिपाठ, शाळेतली प्रार्थना यांनाही लय असते आणि ती अंगात मुरलेली असते. पावकी-निमकी सुरू करून दिली की पुढची आपोआप म्हणणारे आजोबा अनेक घरांत आहेत.

यादी करताना हे विचारा:

- लहानपणी घरात कोण गायचं? अंगाई कोणती म्हटली जायची?
- सणाला, लग्नात, डोहाळजेवणाला, मंगळागौरीला कोणती गाणी असत?
- पहिला सिनेमा कोणता पाहिला? कुणाबरोबर?
- पेटी, तबला, बासरी, टाळ यांपैकी काही वाजवत होते का?
- कोणतं गाणं लागलं की उठून जात, किंवा रेडिओ बंद करायला सांगत?

शेवटचा प्रश्न सोडू नका. गेलेल्या जोडीदाराशी, लवकर गेलेल्या मुलाशी किंवा एखाद्या वाईट काळाशी जोडलेलं गाणं नकळत लागतं आणि मग घरात कुणालाच कळत नाही की काय झालं. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर ही माहिती त्या व्यक्तीकडूनच घ्या, आजच. नंतर मावशी, आत्या, जुने शेजारी, गावातला एखादा बालमित्र यांना फोन करा. वीस-पंचवीस गाणी पुरतात, आणि त्यातली पाच-सहाच खरी कामाला येतात.

दिवसात कुठे बसवायचं

- सकाळी उठताना: रोज तीच भूपाळी किंवा तेच भजन. आकाशवाणीची पहाटेची ओळखधून ऐकत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ती धून ‘सकाळ झाली’ हे घड्याळापेक्षा चांगलं सांगते.
- आंघोळ आणि कपडे: एकच ठरलेलं गाणं, शक्यतो तुम्ही स्वतः गुणगुणलेलं. हळूहळू ते गाणं म्हणजे आंघोळ हे जुळून येतं. न्हाणीघरात आवाज घुमतो, त्यामुळे तिथे स्पीकर नेऊ नका.
- जेवताना: शब्द नसलेली हलकी बासरी किंवा सतार चालेल. घास तोंडात असताना गाऊ देऊ नका, ठसका लागतो. गिळायला त्रास होत असेल तर जेवताना शांतताच ठेवा.
- संध्याकाळी: सूर्य कलला की अनेकांची घालमेल सुरू होते. “मला घरी जायचंय” म्हणत दाराशी जातात. गाणं त्या वेळेच्या अर्धा तास आधी सुरू करा. घालमेल शिगेला पोहोचल्यावर लावलेलं गाणं बहुधा ती वाढवतं. खोलीतला दिवाही आधीच लावा.
- झोपताना: तीच दोन-तीन संथ गाणी. टायमर लावा आणि रात्रभर चालू ठेवू नका.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा. चांगलं वाटत असेल तर अर्ध्या तासापर्यंत वाढवा. त्यानंतर शांतता हवी. दिवसभर वाजणारं गाणं पंख्याच्या आवाजात जमा होतं, आणि गरज पडते तेव्हा त्याचा उपयोग उरत नाही.

कशावर लावायचं

टीव्हीवर लावू नका. पडद्यावरची माणसं घरात आली आहेत असं डिमेन्शियातल्या व्यक्तीला वाटू शकतं. यूट्यूबवर गाण्यामध्येच मोठ्या आवाजात जाहिरात सुरू होते आणि माणूस दचकतो. एफएमवर निवेदक ओरडतो, मध्येच बातम्या येतात. म्हणून गाणी जाहिरातींशिवाय, इंटरनेट नसतानाही वाजतील अशी साठवून ठेवा. घरातल्या कुणा विशीतल्या मुलावर हे काम सोपवा. एका दुपारी होतं.

गाणी आधीच भरलेले, मोठ्या बटणांचे कारवांसारखे संच ज्येष्ठांना स्वतः हाताळता येतात, कारण ते जुन्या रेडिओसारखे दिसतात. मात्र विकत घेण्याआधी त्यात तुमच्या यादीतली गाणी आहेत का ते बघा, आणि पेन ड्राइव्ह लावायची सोय असेल तर उत्तम. हेडफोन वापरायचा असेल तर कानात घालायच्या बोंडांऐवजी कानावर बसणारा घ्या, आणि तुम्ही शेजारी असतानाच लावा. हेडफोन लावून त्यांना खुर्चीत एकटं बसवून ठेवणं ही सोय आपली असते, त्यांची नव्हे.

स्वतः म्हणा

“माझा आवाज चांगला नाही” ही सबब इथे सोडून द्या. त्यांना मैफल नको आहे, ओळखीच्या माणसाचा आवाज हवा आहे. समोर बसा, डोळ्यांना डोळे भिडतील असे. पट्टी खाली घ्या. वय झाल्यावर वरचे सूर लागेनासे होतात, आणि तुम्ही मूळ गायिकेच्या पट्टीत सुरू केलंत तर त्यांना साथ देता येत नाही. लयही कमी ठेवा. एक ओळ म्हणून थांबा. पुढची ओळ यायला वेळ लागतो, तो द्या. शब्द चुकले, कडवं गाळलं, दोन गाण्यांची सरमिसळ झाली तरी दुरुस्त करू नका.

परीक्षा तर मुळीच घेऊ नका. “सांग बरं, हे कोणी गायलंय? कोणत्या सिनेमातलं?” असं प्रेमानं विचारलं जातं, पण उत्तर आलं नाही की त्यांना स्वतःच्या विसरण्याची लाज वाटते आणि गाण्याची गोडी तिथेच संपते. त्याऐवजी “मला हे फार आवडतं” म्हणा आणि म्हणत राहा.

पूर्वी वाजवणाऱ्यांच्या हातात वाद्य द्या. पेटीवरची बोटं, तबल्यावरचा ठेका हे हातांना बराच काळ आठवतं. न वाजवणाऱ्यांना टाळ किंवा खंजिरी चालेल. उभं राहून ताल धरायचा असेल तर तोल जाणार नाही याकडे लक्ष द्या. पार्किन्सनच्या रुग्णांना ठेक्यावर चालायला मदत होते, पण ती पद्धत आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आजार खूप पुढे गेला, बोलणं थांबलं, ओळख उरली नाही, तरी हे सोडू नका. हात हातात घेऊन पाच मिनिटं एकच चाल गुणगुणा. प्रतिसाद शब्दांत येणार नाही. श्वास संथ झाला का, कपाळाच्या आठ्या सैल पडल्या का, बोट हललं का, ते पाहा.

थांबायचं कधी

रडणं म्हणजे नेहमीच त्रास असं नाही. डोळ्यांत पाणी येतं, पण अंग सैल आहे, हात तुमच्या हातात आहे, गाणं संपल्यावर ते बोलतात किंवा शांत बसतात. असं असेल तर राहू द्या, शेजारी बसा. मात्र पुढच्या खुणा दिसल्या तर लगेच बंद करा:

- श्वास जोरात, मुठी आवळलेल्या, तोंड फिरवलेलं
- कान झाकणं, उठून जायचा प्रयत्न
- “कोण आलंय? कोण गातंय?” असा घाबरलेला प्रश्न
- रडणं न थांबणं, किंवा गाणं संपल्यावरही बेचैनी वाढत जाणं

बंद करताना कारण विचारत बसू नका. पाणी द्या, जागा बदला, आणि त्या गाण्यापुढे वहीत फुली मारा.

वही ठेवाच. कोणतं गाणं, किती वाजता, आधी कसे होते, नंतर कसे होते, चार शब्द पुरे. पंधरा दिवसांत तुम्हाला जे कळेल ते कुणी तज्ज्ञही सांगू शकणार नाही, आणि डॉक्टरांना दाखवायलाही ती वही उपयोगी पडते.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. कालपर्यंत बरी असलेली व्यक्ती आज अचानक फार चिडली, ओरडू लागली, भलतीच गुंगीत गेली तर आधी गाणं लावू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणारा दात, पडल्यानं बसलेला मुका मार, बदललेलं औषध, ओले कपडे, भूक यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते. जी व्यक्ती ‘दुखतंय’ असं सांगू शकत नाही, तिची चिडचिड हेच तिचं सांगणं असतं. ते गाण्याखाली दाबलं जाऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गाण्यानं बरं वाटतंय म्हणून चालू गोळ्याही आपल्या मनानं कमी करू नका.

लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात भास होतात, तेव्हा आवाज कुठून येतोय ते दिसेल असा संच समोर ठेवा. ऐकू कमी येणाऱ्या काही ज्येष्ठांना कुणीही न लावलेलं गाणं ऐकू येतं. त्यावरून वाद घालू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा.

ब्युरोच्या मावशी, दादा आणि तज्ज्ञ

दिवसभरासाठी मदतनीस असतील तर त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या आवडीची गाणी वाजत राहतात. त्यांचाही दिवस लांब असतो, म्हणून रागावू नका. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: कोणत्या वेळी कोणतं गाणं, कोणतं कधीच नाही, आवाज किती, कधी बंद करायचं. पहिले दोन दिवस स्वतः करून दाखवा. मावशींना एखादी ओवी किंवा भजन येत असेल तर त्यांनाच म्हणायला सांगा.

संगीतोपचार करणारे तज्ज्ञ घरी येतात किंवा गटात सत्रं घेतात. ठरवण्याआधी विचारा: प्रशिक्षण कुठे, किती काळाचं? डिमेन्शियाच्या रुग्णांबरोबर काम केलंय का? आधी आजीबरोबर बसून तिची आवड समजून घेणार का? पहिल्या सत्राला घरच्यांना बसू देणार का? ‘अमुक राग एवढे दिवस ऐकवला की स्मृती परत येते’ असं जो सांगेल, त्याला पैसे देऊ नका.

तुमचे आणि त्यांचे हक्क

नको म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे, मग ते मान फिरवून म्हटलेलं असो. गाताना, रडताना, ताल धरताना त्यांचं चित्रण करून समाजमाध्यमांवर टाकू नका. शुद्धीत असताना त्यांना ते चाललं असतं का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

बाहेरच्या आवाजाबद्दलही तुम्ही गप्प बसायची गरज नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, त्यापलीकडे नाही. मांडव पडण्याआधीच मंडळाच्या कार्यकर्त्यांना घरी बोलवा आणि आजींची अवस्था दाखवा. ध्वनिवर्धकाची दिशा बदलायला बहुतेक जण तयार होतात. नाहीच ऐकलं तर ११२ वर तक्रार करा.

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आहे. सांभाळून सांभाळून तुमचाच जीव मेटाकुटीला आला असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखांकडे काळजी घेणाऱ्यांच्या गटांची चौकशी करा.

दूर असाल तर

आई-वडील वृद्धाश्रमात किंवा परदेशातल्या नर्सिंग होममध्ये असतील तर ही यादी त्यांच्या कागदपत्रांतच लावायला सांगा. आजार वाढतो तशी मागाहून शिकलेली भाषा बरेचदा आधी सुटते आणि मराठी उरते. चाळीस वर्षं लंडनमध्ये इंग्रजी बोललेल्या काकू आता फक्त मराठीत उत्तर देतात, आणि तिथल्या परिचारिकेला त्यातलं अक्षरही कळत नाही. ब्रिटनमध्ये ‘प्लेलिस्ट फॉर लाइफ’ ही संस्था २०१३ पासून अशा व्यक्तिगत याद्यांसाठीच काम करते आहे, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना ही कल्पना नवी वाटू नये. यादी रोमन अक्षरांत लिहून द्या, आणि प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ: हे सकाळचं, हे आंघोळीचं, हे रडू आणणारं म्हणून कधीच नाही. शिवाय तुमच्या आवाजात तीन-चार गाणी मुद्रित करून पाठवा, प्रत्येकाच्या सुरुवातीला आईला ज्या नावानं हाक मारता त्या नावानं हाक मारून. व्हिडिओ कॉलवर मात्र एकत्र गायचा आग्रह धरू नका, आवाज मागेपुढे होतो आणि त्या गोंधळतात. तुम्ही म्हणा, त्यांना ऐकू द्या.